तारांनी धरलेला पाइन

पेत्रोलोफोस गावच्या पास्खालिसनं चाळीस वर्षं झाडं पाडली आणि त्याच्या कुऱ्हाडीला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. झाडाजवळ गेला की कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, बुंध्यावर हलकेच ठोकायचा, कान लावायचा आणि सांगून टाकायचा, "आतून पोकळ आहे. दोन हिवाळे काढेल." दोनच हिवाळे काढायचं ते झाड. असा माणूस एका झाडापायी घरदार अडकवून बसला, हे गावाला अजून पटत नाही.

आगीनं डोंगर अकरा दिवस जाळला. पुढच्या हिवाळ्यात काळ्या गिधाडांची एक जोडी परतली ती थेट आपल्या जुन्या कड्यावर, आपल्या जुन्या पाइनवर. पाइन कसला, कोळशाचा खांब! पण या पक्ष्यांचा हट्ट म्हणजे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांचा हट्ट. लागली दोघं काटक्या रचायला.

जंगल खात्याच्या एव्दोक्सियानं पास्खालिसला बोलावून घेतलं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, त्यात आगीनंतर उरलेली मोजकीच जोडपी. तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्यानं तुंबा ठोकला. "पोरी, मुळं जळलीत याची. पिल्लू उडणार ऑगस्टात. हे जूनसुद्धा बघायचं नाही."

"मग करायचं काय, काका?"

"बांधायचं."

जोडी मेलेली मेंढरं खायला दरीत उतरली की पास्खालिस शिडी लावायचा. चार दिवसांत त्यानं तीन वायररोप, पोलादी तारांचे जाड दोर, बुंध्याला आवळले आणि दुसरी टोकं खडकात ठोकली. गिधाडं परत यायची, मान वाकडी करून त्याच्याकडे बघायची आणि घरट्यात बसायची. चौथ्या दिवशी तर तो शिडीवर असतानाच मादी येऊन बसली. पास्खालिसला काय आनंद झाला! गावभर सांगत सुटला, "मला ओळखते ती."

ऑगस्टात पिल्लू उडालं. कॉफीच्या दुकानात त्याला कुणी ग्लास रिकामा ठेवू दिला नाही. गोष्ट इथंच संपायला हवी होती. शहाण्या माणसानं संपवली असती.

कारण ठरलं होतं ते असं, की पिल्लू उडालं की झाड पाडायचं. ओढ्यापलीकडच्या हिरव्या पाइनांवर एव्दोक्सियानं दोन तयार घरटी बसवून घेतली होती, मजबूत. पण जुनं झाड उभं असेपर्यंत ही जोडी तिकडे ढुंकून बघणार नव्हती. ती परतायच्या आत, जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाइन आडवा व्हायला हवा होता.

घरातही तेच ठरलं होतं. आगीनंतर पुढची चाळीस वर्षं इथं तोडण्याजोगं लाकूड उगवायचं नव्हतं. जर्मनीत श्टुटगार्टला मुलीनं दोघांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती, तीन फेब्रुवारीची तिकिटं आली होती. बायकोनं, ख्रिसांथीनं, विचारलं की पास्खालिस म्हणायचा, "झाड पाडलं की निघालोच."

सप्टेंबरात करवतीला धार नव्हती. ऑक्टोबरात चिखल होता. नोव्हेंबरात गुडघा दुखत होता.

"गुडघा दुखतो आणि रोज तासभर चढून त्या झाडाला भेटायला बरा जातोस!" ख्रिसांथी म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्यासाठी एकदा तरी चढला असतास."

"तू कड्यावर राहत नव्हतीस."

ती हसली नाही.

एव्दोक्सिया नाताळाआधी येऊन गेली. "काका, दुसरा माणूस पाठवू का?"

"माझ्या झाडाला दुसऱ्याचा हात? खबरदार!"

खरं तेवढंच होतं. हजारो झाडं पाडलेल्या माणसानं जन्मात एकच झाड उभं ठेवलं होतं. ते पाडायला हात धजावत नव्हता आणि दुसऱ्याला पाडू देववत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

वीस जानेवारीला मात्र तो खरोखरच करवत आणि कुऱ्हाड घेऊन निघाला. कड्यावर पोचला आणि जागीच थांबला. मादी वर बसली होती. नर चोचीत काटकी घेऊन उतरत होता.

त्यानं तुंबा ठोकला. आवाज कुजक्या भोपळ्याचा आला. या खेपेला तारा असूनही ऑगस्ट गाठणार नाही, हे त्याच्या कानानं तत्काळ सांगितलं. आणि पक्षी वर असताना करवत चालवणं त्याला कायद्यानंही शक्य नव्हतं, मनानंही.

एकच वाट उरली होती. अंडं अजून पडलं नव्हतं. आत्ता दोघं घाबरून उठली तर कदाचित ओढ्यापलीकडे जातील.

"हट्! जा! जा तिकडे!" पास्खालिस ओरडला. टोपी फिरवली, कुऱ्हाडीनं जेवणाच्या डब्याचं झाकण बडवलं, घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. खडे फेकले, बुंध्यावर, तिला लागणार नाहीत असे. "मूर्ख बाई, मरशील इथं! पोरासकट मरशील!"

मादीनं मान वाकडी करून खाली पाहिलं. मग काटकी नीट लावली आणि पिसं फुलवून आरामात बसली. ती त्याला ओळखत होती.

पास्खालिस खडकावर बसून रडला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ख्रिसांथीनं घेवड्याचं सार वाढलं होतं. तिनं त्याचे डोळे पाहिले, करवतीचं कोरडं पातं पाहिलं.

"आली?"

"आली."

"मग तू येत नाहीस."

"ऑगस्टपर्यंत..."

"झाड जूनसुद्धा बघायचं नाही, असं तूच म्हणाला होतास. मागच्या वर्षी."

तिनं उठून मोठी बॅग उघडली आणि त्याचे सदरे एकेक करून बाहेर काढून ठेवले.

तीन तारखेला ती एकटी बसमध्ये चढली, तेव्हा पास्खालिस कड्यावर चौथी तार आवळत होता. वारा सुटला होता, आणि मादी सकाळपासून घरट्यातून उठली नव्हती.