आमच्या पालखीची वाट

गेल्या जत्रेत आमच्या गावच्या पोरांनी ओढ्याकाठच्या सोसायटीच्या तोंडाशी एक फलक लावला : 'देवाची पूर्वापार वाट मोकळी करा.' कुणीतरी वाटेच्या कडेला टेम्पो लावला होता, एवढंच निमित्त. फलक वाचून मी तसाच घरी आलो. ती वाट पूर्वापार नाही. हे माहीत असलेला आता गावात मी एकटाच उरलो आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भोसरीत कारखाने उभे राहिले तसे शेजारच्या आमच्या गावात भाडेकरू येऊ लागले. वडिलांनी गोठा पाडून पत्र्याच्या खोल्या काढल्या. मुसलमान कामगारांना गावात सहसा कुणी खोली देत नसे. आम्ही देत असू, आणि त्याचं आम्हाला कौतुक वाटे. त्यांच्याकडून भाडं जास्त घेत असू, ते मात्र आम्ही कुणाला सांगत नसू.

एका खोलीत मराठवाड्याकडचा, कारखान्यात लेथ चालवणारा एक टर्नर राहायचा. खोलीत आणखी तिघं, शिफ्टप्रमाणे झोपणारी. याची बायको-मुलं गावाकडे. "घर झालं की आणतो लेकरायला," हे वाक्य तो कुठल्याही बोलण्याच्या शेवटी जोडायचा. त्याने आणि त्याच्यासारख्या कामगारांनी मिळून सोसायटी काढली आणि ओढ्याकाठचं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान ठरवलं. सभासद बहुतेक मुसलमान, दोन-चार इतर.

गावात कुजबूज सुरू झाली. शेवटी भैरोबाच्या पारावर सभा बसली.

एकजण म्हणाला, "पाणी आपल्यालाच पुरंना, त्यात ही वस्ती."

दुसरा म्हणाला, "पाण्याचं सोड. उद्या सगळं रान त्यांचंच हुईल."

रान विकणारा म्हातारा उसळला, "माझं रान हाय. कुणालाबी विकीन. आन् तू रं, जत्रंला मुलाण्यानं सुरी फिरवल्याबिगर मटणाला हात लावत न्हाईस. तवा न्हाई का आठवत मुसलमान?"

लोक हसले. सभा सैल पडली. टर्नर मागे भिंतीशी उभा होता, तोही हसला. आता हे मंजूर होणार, असं मला दिसलं. मंजूर झालं असतं तर आमच्या खोल्या रिकाम्या पडल्या असत्या. मी उठलो.

"पाणी-बिणी राहू द्या. आपली पालखी त्याच रानातून ओढ्यावर जायची. जुन्या माणसांना विचारा. देवाच्या वाटेवर घरं बांधणार का?"

हे धादांत खोटं होतं. पालखी नेहमी वरच्या गाडीवाटेनं जायची. पण आता देवाचं नाव निघालं होतं. सगळे मुलाणीबाबांकडे वळले. आमच्या पालखीपुढे मशाल धरण्याचा मान मुलाण्याच्या घराचा. मशाल वळेल तिकडे पालखी वळते, खांदेकरी विचारत नाहीत. वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "पारावर बोललाय, म्हंजे असंल."

वाटेचा निकाल लागेपर्यंत गावठाणाबाहेर नवं बांधकाम बंद, असा ठराव पंचायतीने केला. निकाल लावण्याची घाई कुणालाच नव्हती. लोक पुढे म्हणत राहिले, पाण्यामुळे बंदी आली. कुणी म्हणे धर्मामुळे. माझ्यापुरतं खरं कारण पत्र्याच्या खोल्या. टर्नर दर महिन्याला भाडं द्यायला येतच राहिला.

पुढची जत्रा आली. पालखी निघाली, वेशीबाहेर आली, आणि मुलाणीबाबांनी मशाल खाली, त्या रानाकडे वळवली. मागून ओरडा झाला, "ओ बाबा, हिकडं कुठं?"

"वाट हीच न्हाई का? सभंत ठरलं की."

रानाच्या कडेनं बाभळीचे काटे काढलेले होते, माती सपाट केलेली, दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा. पालखी आरामात जाईल एवढी रुंद वाट. सोसायटीची माणसं पाण्याच्या घागरी घेऊन कडेला उभी होती. टर्नरने माझ्याही हातात पेला दिला. पालखी ओढ्यावर पोचली. देव आणि घरं दोन्हींना जागा आहे, हे सगळ्या गावाने चालून पाहिलं. बंदीला काही आधारच उरला नाही. पुढच्या बैठकीत ती उठली, आणि रानाचा सौदा झाला.

ओढ्यावर बाबा माझ्याशेजारी मशाल टेकवून बसले. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी काढतील. ते हळूच म्हणाले, "देवाफुडं बोललेलं खोटं पडू देऊ न्हाई, दादा. तुझ्या बाचं आन् माझं खाणंपिणं एक हुतं. आता खरं झालं ते. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. जन्मभर.

घर झाल्यावर टर्नर खोलीची किल्ली द्यायला आला. "मालक, लेकरं आली. बघायला या." मी गेलो. त्याच्या दारात चिखलाने भरलेल्या लहान चपला होत्या. घर आखूड वाटलं. वाटेची पट्टी नेमकी त्याच्या ओळीतल्या प्लॉटांतून काढली होती.

"एक खोली कमी झाली," तो हसत म्हणाला. "ती तुमच्या देवाकडं भाड्यानं हाय."

मीही हसल्यासारखं केलं. त्याच्या बायकोने चहा आणला. इतका गोड चहा मी त्यानंतर प्यायलो नाही.

बाबा गेले, टर्नरही गेला. मशाल आता बाबांचा नातू धरतो, आणि पालखी दरवर्षी त्याच वाटेनं जाते. मला गप्प राहायला सांगणारा माणूस माझी लाज राखत होता. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण आज माझ्या खोट्याचा फलक त्याच माणसांच्या दारात लागला आहे, म्हणून बाबांचा शब्द मोडतो. पोरांनो, ती वाट देवाची पूर्वापार नव्हती. ती सोसायटीवाल्यांची जमीन होती. त्यांनी ती आपल्याला दिली, आणि वर पाणीही पाजलं. फलक काढा. जमत नसेल तर शिडी धरा, मी काढतो.