जाळीवरची चिंधी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर करवंदं विकणारी एक बाई माझ्या ओळखीची होती. माझी नोकरी महाडला. सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून मी डोंगरात भटकायचे. ही बया रानात काय शोधते, असा प्रश्न सगळ्यांनाच पडे. करवंदवालीने तो सरळ विचारला. पक्षी बघते म्हटल्यावर हसली.

"पाखरं बगाया तिकीट काढून येता?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या मे महिन्यात ती मला तिच्या वाडीमागच्या ओढ्यावर घेऊन गेली. करवंदाच्या जाळीतून वर आलेल्या एका बारक्या झाडाच्या बेचक्यात स्वर्गीय नर्तकाचं घरटं होतं. चहाच्या कपाएवढी वाटी, आणि आत बसलेल्या नराची लांब पांढरी शेपटी बाहेर लोंबत होती. पाऊलवाटेकडच्या फांदीला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली दिसली.

"ही कशाला?"

"आत पिल्लं हायत. चिंधी दिसली की आमच्या बायका त्या जाळीला हात लावीत नाय. करवंदं कितीबी पिकूदेत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी पन हितूनच बगायचं, बाई."

मी तिथूनच बघितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. शेजारच्या भाभींच्या नवऱ्याने कुवेतहून आणलेला कॅमेरा मागून घेतला होता. घरट्यासमोर पानांची एक फांदी आडवी येत होती. ती तोडायची नाही, एवढी अक्कल मला होती. बांधून ठेवू, काम झालं की सोडू. पिशवीत सुतळी नव्हती. चिंधी समोर होती. ती सोडली आणि तिनेच फांदी मागे ओढून बांधली. स्वतःच्या युक्तीचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू? पाखरं बराच वेळ घरट्यावर परतली नाहीत. मी बसून राहिले. अखेर नर आला. फोटो पुढे उत्तम निघाले.

एसटीची वेळ झाली म्हणून धावत खाली आले. गाडी सुटली तेव्हा चिंधी आठवली. पुढच्या थांब्यावर उतरून परत जाता आलं असतं. पण मग मुक्काम करावा लागला असता, सकाळी कामावर जायचं होतं. पुढच्या रविवारी सोडू, असं मी ठरवलं. विसरले असते तर निदान तसं सांगता आलं असतं.

रविवारी ती ओढ्यावरच भेटली. जाळीवर एक करवंद उरलं नव्हतं, खालचं गवत तुडवलेलं. घरटं रिकामं. खाली एका पिल्लाला मुंग्या लागल्या होत्या. उघड्या वाटीवर ऊन आलं, की कावळा आला, की माणसांना भिऊन पाखरंच परतली नाहीत, हे तिलाही सांगता येईना.

"माझीच जाव शिरली आत," ती म्हणाली. "मी बोलले, तुला डोले नायत? तर म्हनते, तुझी चिंधी कुठं व्हती?"

"मी सोडली ती. चुकलं माझं."

"हां."

तिने गाठ सोडली. फांदी घरट्यासमोर परत आली. चिंधी झटकून तिने कमरेला खोचली.

"ऱ्हाऊदे माज्याकडं. आनखी एका जाळीत पिल्लं हायत."

कुठल्या, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.