अकरा एकरांचा देश आणि आमचे ओरिजिनल पासपोर्ट

मी दोन देशांचा नागरिक आहे आणि त्यातला एक देश अकरा एकरांचा आहे. दुसरा भारत. अमेरिका या यादीत नाही. तिथे मी गेली चौदा वर्षं नुसता राहतो, टॅक्स भरतो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असतो. अकरा एकरांच्या देशाने मात्र मला एका दुपारीत आपलं म्हटलं. हे कसं झालं, हा विषय आमच्या घरात माझ्यासमोर कुणी काढत नाही. माझ्या पाठीमागे रोज काढतात.

यंदा अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे टेक्सासमध्ये प्लेनोला आले होते. अण्णा कऱ्हाडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेबद्दल त्यांची एकच तक्रार होती : इथे जुनं काहीच नाही. टेक्सासमध्ये गावोगावी 'हिस्टॉरिक डाउनटाउन' अशी पाटी असते. ती दिसली, की अण्णा गाडीतून विचारायचे, "किती सालचं?"

"अठराशे नव्वद, अण्णा."

"म्हणजे आमच्या रेकॉर्डरूममधल्या गठ्ठ्यांपेक्षा लहान. चल पुढे."

असे आम्ही सहा ऐतिहासिक डाउनटाउनांच्या पुढे गेलो. शेवटी मुग्धाने, माझ्या बायकोने, इंटरनेटवर एक अजब ठिकाण शोधलं : 'प्रजासत्ताक डोरोथिया. छोटा देश, थोर वारसा.' प्लेनोपासून तीन तासांवरचा एक रँचवाला सव्वीस वर्षांपूर्वी सरकारी ऑफिसाशी सेप्टिक टँकच्या परवानगीवरून भांडला, चिडला आणि त्याने आपली अकरा एकर जमीन स्वतंत्र देश म्हणून जाहीर केली. अमेरिकेला अजून याचा पत्ता नाही. देशाला झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, राष्ट्रीय प्राणी म्हणून गाढवं आहेत, राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि दर शनिवारी हेरिटेज टूर असते.

"सव्वीस वर्षं?" अण्णा म्हणाले. "माझी पेन्शनची फाईल याहून जुनी असेल." पण गाडीत सगळ्यांत आधी तेच बसले.

आता माझ्या फाईलबद्दल सांगायला हवं. ती निळ्या प्लास्टिकची आहे. तिच्यात आमचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पगाराच्या पावत्या, लग्नाचा दाखला आणि माझं बारावीचं मार्कशीट असतं (का, ते विचारू नका, एकदा कुणीतरी मागितलं होतं). ही फाईल बरोबर घेतल्याशिवाय मी साधा दूध आणायलाही बाहेर पडत नाही.

"गाढवं बघायला चाललोय आपण," मुग्धा म्हणाली. "फाईल कशाला?"

"कुणी अडवलं तर?"

"मग झेरॉक्स घे. ओरिजिनल कशाला?"

"झेरॉक्सला कोण विचारतं?"

मुग्धाचा जीव त्या फाईलमध्ये अडकलेला होता, आणि त्याला कारण होतं. पाच आठवड्यांनी कोल्हापूरला तिच्या भावाचं, निखिलचं लग्न होतं. एकुलता एक भाऊ, एकुलती एक बहीण. म्हणजे करवली तीच. तिच्या साड्या महिनाभर आधीच बॅगेत जाऊन बसल्या होत्या. त्याच फेरीत आम्हाला मुंबईला जाऊन पासपोर्टवर नवा व्हिसा उमटवून घ्यायचा होता, नाहीतर अमेरिकेत परत येणं अवघड. "तोपर्यंत त्या पासपोर्टांना जपा," असं आमच्या वकिलीणबाईंनी बजावलं होतं. हे मी ऐकलं होतं. मान डोलावली होती. लिहूनसुद्धा घेतलं होतं.

डोरोथियाच्या सरहद्दीवर पत्र्याची एक टपरी होती. आत खाकी गणवेश घातलेले, पितळी बटणांचे आणि बाटलीच्या बुडाइतक्या जाड चष्म्याचे एक आजोबा बसले होते. आमच्या पुढे एक अमेरिकन कुटुंब होतं. आजोबा करड्या आवाजात "पासपोर्ट्स, प्लीज" म्हणाले, तेव्हा त्या बाईंनी हसत हसत प्राणिसंग्रहालयाचा पास पुढे केला. त्यावर शिक्का पडला. मग त्यांच्या कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डावर शिक्का पडला. हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी शुद्धीवर होतो.

पण खाकी कपडा, काउंटर आणि "पासपोर्ट्स, प्लीज" या तीन गोष्टी एकत्र आल्या, की माझा मेंदू बंद पडतो आणि हात आपोआप चालू होतात. मी फाईल उघडली आणि तीन निळे पासपोर्ट अदबीने दोन्ही हातांनी पुढे केले.

आजोबांनी एक उघडला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे खरे आहेत?"

"येस, सर."

"आमच्याकडे शिक्क्यासाठी छोटी वही मिळते. आठवण म्हणून."

"नको सर, आमच्याकडे आमचे आहेत."

"नक्की मारू?"

"ऑफ कोर्स, सर. व्हिसाचे कागदही आहेत. पगाराच्या पावत्या देऊ?"

"नको," आजोबा म्हणाले. "येण्याचा उद्देश?"

"टुरिझम, सर. आम्ही संध्याकाळी परत जाऊ. प्लेनोत आमचं घर आहे." (हे त्यांनी विचारलं नव्हतं. चौदा वर्षं मी हेच पाठ केलं आहे.)

धप्प, धप्प, धप्प. हिरवीगार शाई, मधोमध गाढव, आणि खाली : 'प्रवेश मंजूर. मुदत : कायमची.' खरं सांगतो, चौदा वर्षांत माझ्या नावापुढे 'कायमची' हा शब्द पहिल्यांदाच आला होता आणि क्षणभर मला भरून आलं.

अण्णांनी आपला पासपोर्ट उजेडात धरला. "बघ कसा उमटलाय! नाहीतर विमानतळावरचा तो, अर्धा कागदाबाहेर."

आमची बारा वर्षांची अन्वी, जन्माने अमेरिकन, हातात आपलं लायब्ररी कार्ड धरून उभी होती. तिने माझ्या हातातल्या पासपोर्टवर बोट ठेवलं.

"बाबा, दॅट्स अ रिअल पासपोर्ट."

"हो."

"अँड दॅट्स अ फेक कंट्री."

आता कुठे माझा मेंदू पुन्हा चालू झाला. मागे मुग्धा फोनवर निखिलशी करवलीच्या मानाच्या साडीबद्दल बोलत होती. माझा चेहरा पाहून तिने फोन ठेवला, पुढे आली आणि माझ्या हातातला पासपोर्ट उघडला. मग दुसरा उघडला. तो तिचा होता.

"तू माझाही दिलास?"

"फाईलमध्ये सगळे एकत्रच असतात ना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती झेंड्याखालच्या बाकावर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "निखिलला काय सांगू मी? दाजींनी गाढवाचा शिक्का मारून घेतला म्हणून लग्नाला येत नाही?" तिचे डोळे भरले होते. मला माझी मनापासून लाज वाटली.

मी टपरीकडे धावलो. तर आजोबांनी खाकी टोपी काढून खुंटीला लावली होती आणि पांढरी, सोनेरी काठाची टोपी चढवली होती.

"इमिग्रेशन बंद झालं," ते म्हणाले. "मी आता राष्ट्राध्यक्ष आहे."

शिक्के कसेही करून खोडून द्या म्हणून मी राष्ट्राध्यक्षांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. तेवढ्यात अण्णा मागून आले. पस्तीस वर्षं सरकारी शिक्क्यांत काढलेला माणूस अशा वेळी गप्प बसतो होय?

"खाडाखोड करू नका म्हणावं त्यांना. सरकारी कागदावर चूक झाली, की लाल शाईत रद्द करायचं, सही करायची, तारीख टाकायची. प्रश्न मिटला."

आणि मी, एका सॉफ्टवेअर कंपनीत पंचवीस माणसांना सल्ले देणारा इंजिनिअर, हे वाक्य स्वतःच्या तोंडाने, शुद्ध इंग्रजीत, राष्ट्राध्यक्षांना भाषांतर करून सांगितलं. त्यांना ते एकदम पटलं. त्यांनी खणातून पंजाएवढा शिक्का काढला. 'रद्द' असं इंग्रजीत, पानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, लालभडक. माझ्या पासपोर्टवर एक, मुग्धाच्या पासपोर्टवर एक. मुग्धाचा तर घसरून समोरच्या पानावरच्या जुन्या अमेरिकन व्हिसावरही पसरला.

"आता तुमच्या वडिलांचा द्या," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

"माझ्यात काही चूक नाही," अण्णा म्हणाले आणि पासपोर्ट खिशात टाकला.

आतापर्यंत आम्ही नुसते बावळट दिसत होतो. लाल शिक्क्यानंतर आम्ही कुठल्यातरी देशातून हाकलून दिलेले दिसायला लागलो. मुग्धाने ते पान पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आणखी काही राहिलंय का?"

राहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, मी तुम्हाला खुलाशाचं अधिकृत पत्र देतो, पण आधी हेरिटेज टूर. बाकीचे पर्यटक खोळंबलेत. म्हणून आयुष्य उद्ध्वस्त झालेल्या अवस्थेत आम्ही सांस्कृतिक वारसा पाहिला. राष्ट्रीय संग्रहालय गॅरेजमध्ये होतं. तिथे स्वातंत्र्ययुद्धातलं फावडं होतं, आणि मखमलीवर ठेवलेलं सेप्टिक टँकचं मूळ झाकण होतं. 'जुनं शहर' म्हणजे एक गोठा आणि एक बंद पडलेला फ्रीज. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. अण्णा तर सावधानमध्ये. इथला वारसा बघून मी हसलो असतो, पण कऱ्हाडजवळच्या लेण्यांत मी शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा भिंतीवर काय कोरून आलो होतो ते अण्णांना ठाऊक आहे, त्यामुळे हसलो नाही. या माणसाने निदान झाकणाला तरी मखमल घातली होती.

संग्रहालयाच्या शेवटी एका बाईंचा फोटो होता. "ही डोरोथी," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. "माझी बायको. गाढवाचा शिक्का तिने स्वतः रबरावर कोरलाय. ती गेल्याला नऊ वर्षं झाली. सव्वीस वर्षांत खरा पासपोर्ट आम्हाला कुणी दिला नाही हो. तुम्ही पहिले. ती असती तर तिने तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नसतं."

त्यानंतर माझ्याच्याने त्यांच्यावर चिडवेना. मुग्धाला चिडायला मी पुरेसा होतो.

मग टेबलाशी बसून त्यांनी पत्र टाइप केलं : हे कुटुंब कायदेशीररीत्या आमच्या देशात आलं, त्यांच्याच विनंतीवरून त्यांचा प्रवेश रद्द केला, माणसं सज्जन आहेत. अण्णांनी पत्राला जावक क्रमांक मागितला. राष्ट्राध्यक्षांनी खरोखरच जावक रजिस्टर काढलं! अण्णांचा चेहरा उजळला. "बघ," ते मला म्हणाले, "याला म्हणतात देश." शेवटी झालेल्या त्रासाबद्दल राष्ट्राध्यक्षांनी आम्हा तिघांना नागरिकत्वाची प्रमाणपत्रं दिली. ना फॉर्म, ना फी, ना रांग. मुग्धाने आपलं प्रमाणपत्र अन्वीला वारा घालायला दिलं.

पुढचे चार आठवडे मुग्धा माझ्याशी फक्त पासपोर्टबद्दल बोलली. भारतीय वकिलातीत आम्हा दोघांच्या नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. 'जुना पासपोर्ट कसा खराब झाला' याचा खुलासा मी चार पानी लिहून दिला होता. खिडकीतल्या बाईंनी तो शांतपणे वाचला, मग शेजारच्या खिडकीतल्या बाईंना वाचायला दिला. तिसऱ्या खिडकीतून चौथ्या खिडकीत गेल्यावर तो माझ्याकडे परत आला.

"तुम्हाला कुणी जबरदस्ती केली होती का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग लिहा तसं. स्वखुशीने."

मी लिहिलं. विमानाच्या तीन दिवस आधी नवे पासपोर्ट हातात पडले. मुग्धा ते छातीशी धरून पाच मिनिटं स्वयंपाकघरात उभी होती.

कोल्हापूरला ती करवली म्हणून अशी मिरवली, की निखिल नवरदेव असल्याचं दोनदा लोकांना सांगावं लागलं. मुंबईत व्हिसाच्या खिडकीवर साहेबांनी जुने पासपोर्टही मागितले. लाल शिक्क्याच्या पानावर ते थांबले. माझा हात आपोआप फाईलमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्राकडे गेला. मुग्धाने माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी पान उजेडात धरलं, गाढवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोघांची तुलना करून झाल्यावर व्हिसा मंजूर केला.

परत आल्यापासून मुग्धाने फाईलमध्ये फक्त झेरॉक्स ठेवल्या आहेत. ओरिजिनल तिच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. मी शपथ घेतली आहे.

गेल्या महिन्यात डोरोथियाहून एक जाड पाकीट आलं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे (उमेदवार एकच) आणि नागरिकांनी टपालाने मत द्यायचं आहे. चौदा वर्षांत मला इथे कुणी माझं मत विचारलं नव्हतं. मी चांगला शर्ट घालून टेबलाशी बसलो आणि गंभीरपणे मत दिलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'सोबत ओळखीचा पुरावा जोडावा.'

"मुग्धा," मी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हटलं, "कपाटाची किल्ली दे गं जरा."