टाकीचा चंदेरी रंग

मुरबाडच्या हार्डवेअरच्या दुकानात परवा कुणीतरी चंदेरी रंगाचा डबा उघडला आणि मी नाकाला पदर लावून बाहेर आले. लेक दुकानदाराला म्हणाला, आईला रंगाचा वास सोसत नाही. समजू दे तसंच.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आमच्या गोबरगॅसच्या खड्ड्यावरची लोखंडी टाकी काढून अंगणात उलटी ठेवली होती. आतून सडक्या अंड्यांचा वास मारत होता, गंजाचे पापुद्रे सुटत होते. नाकाला पदर बांधून मी ती खरवडली. वेल्डर माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "तात्या, हा गॅस लोखंड खातो. आतनं डांबरी रंगाचे दोन हात मारा, नायतर टाकी टिकायची नाय."

"आत कोण बघतंय? पावणं बाहेरनंच बघनार," तात्या म्हणाले आणि चंदेरी रंग घेऊन आले. नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते.

पाहुणे आले तेव्हा खड्ड्यावर परत बसवलेली टाकी उन्हात चकाकत होती, आणि झिजलेल्या पत्र्याच्या बारीक भोकांवरचा रंग आतल्या गॅसने फुगून फुटत होता. घाण वास ओटीवर आला. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

तात्या हसून म्हणाले, "सूनबाय गोठा नीट लोटत नाय."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. नखांत टाकीतला काळा लगदा अजून तसाच होता.