चिठ्ठीतला इडीमा

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. राहुरीच्या अलीकडच्या आमच्या गावात इंग्रजी वाचणारी सून म्हणजे मी एकटी. माहेरून येताना एक जाडजूड डिक्शनरी आणली होती, शब्द मुळात कुठून आले तेही सांगणारी. दुपारी सगळे मळ्यात गेले की ती उघडायची. एवढंच काय ते माझं बाहेरचं जग! कवाडं उघडीच असायची, पण जाणार कुठं?

गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या वाचायला माझ्याकडंच यायच्या, म्हणून सुजेचे शब्द मी हुडकून ठेवले होते. स्वेलिंग हा इंग्रजांचा घरचा, जुना शब्द. ट्यूमर लॅटिन. मुळात नुसतं फुगणं, पण ऐकताच काळजाचं पाणी पाणी व्हावं. इन्फ्लमेशन म्हणजे आग लावणं, आणि ते खरंच आहे, ठणकणारं बोट विचारा. इडीमा ग्रीक. त्याचाही मूळ अर्थ सूजच. अंगात पाणी साचलं की डॉक्टर लोक तो लिहितात.

आमच्याकडं सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. मी दाराआडून चिठ्ठी वाचायची, सासूबाईंना सांगायची, त्या मामंजींना सांगायच्या. मामंजी चार हातांवर बसलेले, सगळं ऐकत! तरी रीत ती रीत. मला हसूही यायचं आणि चीडही.

धाकट्या जावेला आठवा महिना होता. पाय सुजले, मग तोंड सुजलं, बांगड्या मनगटात रुतल्या. नर्सबाईंनी चिठ्ठी दिली. तिच्यावर एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेल्या: इडीमा. मी दाराआडून अर्थ सांगितला, "सूज."

"आगं, सूज तर आमाला बी दिसतीया," सासूबाई म्हणाल्या. "पोटुशीला येतीच. ह्येच सांगाया चिठ्ठी लिवली व्हय?"

मामंजी हसले आणि तंबाखू मळू लागले.

माझ्या माहेरच्या शेजारणीचं तोंड असंच आठव्या महिन्यात सुजलं होतं. झटके येऊन ती गेली, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जावेला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायला हवं, हे मला कळत होतं. उंबरा ओलांडून "मामंजी, गाडी जुंपा" एवढंच म्हणायचं होतं. पाय हलेना. सासूबाईंना हळूच म्हटलं, तर त्या खेकसल्या, "मोठी शिकलेली लागून गेलीस!" झालं, बसली माझी दातखीळ. एवढ्या भाषांमधले शब्द पोटात घेऊन भाकऱ्या थापत बसले, कपाळ माझं!

तिसऱ्या दिवशी जावेला झटके आले, तेव्हा कुठं गाडी जुंपली. नगरच्या दवाखान्यात ती वाचली. मूल वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. सूज उतरलेली, ओळखू येईना इतकी बारीक झालेली. मी तिच्यापुढं चहा ठेवला. कपाला हात न लावता तिनं विचारलं, "अक्का, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.