फादरच्या जीपमधली कबुली

किस्से जमा करायले मले कुठी जा लागत नाई. आलापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत मी फादरची जीप चालवतो, अन् ईस्टरच्या आधी गावोगाव पापकबुली असते. कोण काय बोललं ते फादर मेले तरी सांगणार नाईत. मी सांगतो ते डोळ्यासमोर झालेलं, नाईतर माहं स्वतःचं.

*

एका गावात चर्च नाई. झाडाखाली खुर्ची टाकून फादर बसतात, लाइन वीस पावलं दूर. खाणीतून रिटायर झालेल्या सायमनभाऊले कमी ऐकू येते. ते इतक्या जोरात सुरू झाले का सारी लाइन ऐकून राह्यली! लोकं बिचारे हातपंपापर्यंत मागं सरकले. तरी आवाज येतच होता. मग मार्थाबाईनं भजन धरलं अन् सारे घसा फोडून गायले.

सायमनभाऊ उठून आले. म्हणाले, "माहं झालं. आता तरी हळू गा."

*

आता माहा किस्सा. मागच्या वर्षी मोहाची फुलं पडायच्या दिवसांत दादाच्या झाडाखालची विकायची फुलं मी पहाटेच वेचून आणली. वहिनीनं पाहिलं. तिनं चार लोकांत सांगितलं, तं मी तिलेच खोटं पाडलं. फादरचा ड्रायव्हर ना मी, सारे माह्याच बाजूनं! वर्षभर बाया तिले खोटारडी म्हणत. दादानं बोलणं सोडलं. मले जेवण गोड लागे ना.

यंदा रस्त्यातच जीप थांबवली. म्हटलं, "फादर, माही कबुली घ्या." त्यायनं कबुली ऐकताना घालतात तो जांभळा पट्टा गळ्यात घातला, सारं ऐकलं, क्षमेची प्रार्थना म्हटली. मी लय रडलो.

*

दुसऱ्या दिवशी विचारलं, "फादर, त्याचं आता काय करू?"

"कशाचं?"

"काल सांगितलं ते."

"कबुलीतलं मी बाहेर काढत नाही, तुझ्यासमोरही नाही. बोलायचं असेल तर पुन्हा सांग."

घ्या! पहिल्यापासून सारं पुन्हा सांगा लागलं. मग म्हणाले, "देवानं माफ केलं. पण वहिनीचं नाव तू खराब केलंस. ते तुलाच साफ करावं लागेल."

*

ईस्टरच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात सारे चहा घेऊन राह्यले होते. मी कप खाली ठेवून उभा राह्यलो.

"मागच्या वर्षी वहिनी खरं बोलली होती. फुलं मीच नेली. खोटं मीच बोललो."

दादा खाली पाहून राह्यला. मी वहिनीसमोर हात जोडले.

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "भाऊजी, झाड यंदा लय फुलं टाकून राह्यलं. आमच्या दोघायच्यानं वेचणं होत नाई. उद्या पहाटे टोपली घेऊन या."