अंगणात भरलेला डोंगा

जुनं घर पाडून पक्कं बांधलं, तेव्हा छपराचे सागाचे मयाल, म्हणजे आडव्या तुळया, अंगणात येऊन पडले. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून सल्ला द्यायचा. कोणी म्हणे पलंग करा, कोणी म्हणे दाराच्या चौकटी करा. मी म्हटलं, नदीत घालायला डोंगा करायचा. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, तोंडातला खर्रा थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. नवरा उठून नळावर हात धुवायला गेला. त्याचे हात स्वच्छच होते.

आम्ही ढिवर. वैनगंगेच्या काठाला आमचा मोहल्ला. पुरुषांनी मासोळी धरायची आणि बायांनी चामोर्शीच्या बाजारात नेऊन विकायची, असं आमचं चालत आलेलं. आदल्या पावसाळ्यात वरच्या धरणाची दारं उघडली आणि पुरात वाहून आलेल्या एका ओंडक्यानं नवऱ्याचा डोंगा मधोमध फोडला. एक बाभूळ धरून तो दुपारपर्यंत पाण्यात होता. लोकांनी काढला. ताप उतरला, खरचटलेलं भरून आलं, पण त्यानंतर तो घाटावर गेला नाही. गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागला. संध्याकाळी सिमेंटनं पांढरे झालेले पाय घेऊन यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

आधी हा माणूस इतका बोलायचा, की मी म्हणायची, तुमच्या बडबडीनंच मासोळी पळते जी. आता घरात माझा एकटीचा आवाज. त्या आवाजाचा मलाच वीट यायला लागला होता. मासोळीसाठी माझं काही अडलं नव्हतं, दुसऱ्यांच्या डोंग्यांतली घेऊन मी बाजार करतच होते. मला माझा नवरा परत पाहिजे होता. तो त्या बाभळीपाशीच राहून गेलाय, असं वाटायचं.

"घरी नवा डोंगा आला का जाईल तो आपोआप," मी मामाजींना म्हटलं.

"अन् नाई गेला तं?"

"तं तुमी जा."

म्हातारा हसला. पण दुसऱ्याच दिवशी मयाल आरामशीनवर गेले.

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. खोटं नाही. मला बसवत नाही, वाट बघवत नाही, भाताला उकळी यायच्या आत मी झाकण चारदा उघडते. आणि डोंग्याचं काम म्हणजे नुसती वाट बघणं. पाट्या, म्हणजे फळ्या, चिरून आल्या, तर मामाजी त्यांच्यावर हात फिरवत बसले. एक उचलायची, एका डोळ्यानं बघायची, परत ठेवायची. होळी झाली, मोह वेचून झाला, लोक तेंदूपत्त्याला जाऊन आले, आणि आमचा डोंगा म्हणजे अजून नुसत्या फासळ्या. मी येता-जाता विचारायची, "कवा होते जी?" शेवटी ते म्हणाले, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. तू अशी कर बाई, बस अन् वाती वळ."

पाट्यांच्या फटीत डांबरात भिजवलेल्या कापसाच्या वाती ठासतात. मी वळल्या, पण घाईघाईत.

"वात हाये का बैलाचा कासरा हाये हा?" मामाजींनी एक उचलून अंगणात जमलेल्या मोहल्ल्यातल्या बायांना दाखवली. "एवढी जाड भरली, अन् उद्या लाकूड फुगलं, तं पाटी जाईन कुठी? खिये उपटून बाहेर येईन."

मी पुन्हा वळल्या. चिडून वळल्या, पण बारीक वळल्या.

नवरा या सगळ्यात नव्हता. आंघोळीला जायचा तरी डोंग्याला वळसा घालून जायचा. मी मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायची, "लोकं दुनियाभराच्या भिंती बांधतेत, घरचं लाकूड मात्र पोरकं पडून राह्यलं." तो ऐकायचा आणि गप्प राहायचा. त्याच्या गप्प राहण्याचा इतका राग यायचा, की एकदा हातातला गंज, भाताचं पातेलं, आपटला. चेपला तो, अजून तसाच आहे.

मग पाणी पाजायचा दिवस आला. आमच्याकडे नवा डोंगा आधी नदीत जात नाही, आधी नदी डोंग्यात येते. अंगणातच त्याला दगडांवर ठेवतात आणि मोहल्ल्यातली प्रत्येक घरची बाई नदीवरून एक घागर आणून त्यात ओतते. नळाचं पाणी चालत नाही. डोंगा काठोकाठ भरायचा, बाहेरून जिथं जिथं गळेल तिथं कोळशानं खूण करायची आणि रोज भर घालत राहायची. सुकलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. आमचं लाकूड तर कैक वर्षं छपराखाली शेकलेलं. पहिल्या दिवशी डोंगा इतक्या ठिकाणी गळला, की मामाजींचा कोळसा संपला. अंगणात चिखल, चिखलात बाया, आणि बायांचं हसणं. "डोंगा केला का पिठाची चायनी?" शेजारची म्हणाली.

मला रडूच आलं. मामाजी शांत होते. "पी हयद अन् हो गोरी, असं लाकडाचं नसते बाई. पिऊ दे त्याले."

पीत होता तो. मी रोज पहाटेपासून घागरी आणत होते. गळती कमी होत गेली, पण माझी धुसफूस वाढत गेली. जेठाचं ऊन, नदी आटत चाललेली, डोहात मासोळी गोळा झालेली, आणि आमचा डोंगा अंगणात पाण्यानं भरून उभा.

त्यातच शेजारच्या बाईनं गंमत केली. बाजारातून जिवंत मरळ उरून आल्या, त्या तिनं खुशाल आमच्या डोंग्यात सोडल्या. "तुमचा डोंगा मासोळीकडे जात नाई, तं म्हटलं मासोळीच डोंग्याकडे आणून द्यावी." मोहल्लाभर हशा. मामाजी मात्र भडकले. मरळ चिखलात घुसणारी जात, ती फटीत तोंड खुपसून वाती उपसेल. ते काठी घेऊन डोंग्याभोवती फिरू लागले, पण म्हाताऱ्याचे गुडघे वाकत नव्हते. बायांनी हात घातले. एक-एक करत सगळ्या निघाल्या, पण मोठी मरळ काही सापडेना.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. दारात उभा राहून बघत होता. कोणीच त्याला काही म्हटलं नाही. मी म्हणणार होते, पण मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ओठ दाबून धरले. त्यानं चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि डोंग्यात उतरला.

कोरड्या अंगणात, गुडघाभर पाण्यात, माझा नवरा डोंग्यात उभा होता. त्याच्या पायाचं सिमेंट पाण्यात सुटत होतं. त्यानं हात घातलाच नाही, नुसता पाय सरकवत गेला, आणि मागच्या आडव्या पाटीपाशी थांबला. मग एकदम वाकला. मरळ बाहेर आली, शेपटी आपटत. त्यानं ती शेजारणीकडे फेकली. बाया ओरडल्या, हसल्या. तो हसला नाही, पण बाहेरही आला नाही. टाचेनं तळ दाबत दाबत पुढच्या टोकापर्यंत गेला.

"बा, इथी ढिलं हाये," तो म्हणाला.

मामाजींनी मान खाली घालून कोळसा शोधायला घेतला. त्यांचे डोळे भरले होते, मला दिसत होतं.

त्या दिवसापासून डोंगा त्याचा झाला, आणि माझं दुखणं नवीन सुरू झालं. कामावरून आला की तो डोंग्यात उतरायचा, दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अजून पिऊ दे." गळती थांबली, तरी म्हणायचा, "अजून पिऊ दे." मामाजी म्हणाले, आता जास्त झालं तर लाकूड सडेल. तरी तेच. मला कळत होतं की लाकडाचं नाव नुसतं पुढे केलेलं आहे. एका सकाळी मी सरळ गंज घेतला, तोच चेपलेला, आणि डोंग्यातलं पाणी उपसायला लागले. तो बघत राहिला. मग त्यानं दुसरा गंज आणला आणि माझ्यासोबत उपसू लागला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोंगा घाटावर गेला. मामाजींनी कुंकू लावलं, नारळ फोडला. लोकांनी ढकलला. डोंगा पाण्यावर हलका झाला आणि डुलायला लागला. एक थेंब आत आला नाही. सगळे नवऱ्याकडे बघत होते. तो घोटाभर पाण्यात, हातात डोंगा ढकलायची लांब बल्ली घेऊन उभा. पुढे होईना, मागे होईना. मी तोंड उघडलंच होतं, तर तो म्हणाला, "तू बस पयले."

"मी?"

आमच्या घरच्या बाया मासोळीच्या डोंग्यात बसत नाहीत. आम्ही घाटावर टोपली घेऊन उभ्या राहतो. पण मामाजीही म्हणाले, "बस बाई. तुनंच तं आणला त्याले." मी लुगडं खोचलं आणि मोठ्या तोऱ्यात एक पाय टाकला. पायाखाली डोंगा कलला. पाणी खाली आहे, आणि मध्ये एवढंसं लाकूड, हे माझ्या पायाला कळलं. मी खालीच बसले. दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरली.

"भेव लागते?" नवऱ्यानं विचारलं.

"हो ना जी."

"वर्सभर उंटावरून शेया हाकत व्हती."

मी कड आणखी घट्ट धरली.

"मलेबी लागते," तो म्हणाला, आणि चढला.

बल्ली रुतली, डोंगा निघाला. मी डोळे मिटून घेतले. मग तो बोलायला लागला. इथी खडक हाये, आता थोडं हालन. तिथी डोह लागते, पाणी थांबलेलं हाये, भिऊ नको. माह्या लहानपणी बा इथीच झिंगे धरे. त्या पल्याडच्या झाडावर मधाचं पोळं हाये, पाह्य वर. तो बोलतच होता. बाभळी आल्या तेव्हा त्याचा आवाज एकदा अडकला, पण थांबला नाही. काठावरची माणसं लहान होत गेली.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लय बोलून राह्यलो. मासोळी पळते म्हणत व्हती ना तू?"

"पळू द्या," मी म्हटलं. "बोला तुमी."